दुःखामागचे नियम : ‘माय मिस्टर’ पाहताना माहीत असाव्यात अशा गोष्टी

‘माय मिस्टर’ या कोरियन मालिकेत एक छोटा संवाद आहे, सबटायटलमध्ये तो झरकन निघून जातो. पंचेचाळिशीचा एक इंजिनिअर ऑफिसातल्या एकवीस वर्षांच्या कंत्राटी मुलीला सांगतो की आजीला सांभाळायची कायदेशीर जबाबदारी नातीवर नसते. तुझा आणि आजीचा पत्ता सरकारी नोंदीत वेगळा करून घे, मग तिच्या नावानं वृद्धसेवेसाठी अर्ज कर. आणि मग तो विचारतो, हे तुला आजवर कुणीच सांगितलं नाही का? कुणीच सांगितलेलं नसतं.

सोळा भागांच्या या मालिकेत मारहाण आहे, फसवणूक आहे, मोडत आलेला संसार आहे, मृत्यू आहे. तरी मला सगळ्यात जास्त गलबलून येतं ते या अर्जापाशी. शाळकरी वयापासून जे ओझं ही मुलगी नशीब समजून वाहत आली, त्यातला मोठा भाग एका अर्जानं उतरण्यासारखा होता.

मालिका पाहिलेल्या कुणालाही विचारा, ‘फार जड आहे’ हे उत्तर ठरलेलं. ते खरंच आहे. अनेकजण तिसऱ्या-चौथ्या भागात थांबतात. पण हे वजन नेमकं कशाचं, हे समजलं तर मालिका वेगळीच दिसू लागते. इथल्या जवळजवळ प्रत्येक दुःखाच्या मागे दक्षिण कोरियातला एखादा कायदा, एखादी रीत, एखादा इतिहास उभा आहे. तिथल्या प्रेक्षकाला तो न सांगता कळतो. आपल्यापर्यंत पोचते ती फक्त एका मुलीची उदास नजर. म्हणून हा लेख. कथेचा शेवटही यात येणार आहे, ज्यांना तो आधी कळायला नको असेल त्यांनी मालिका पाहून मग वाचावं.

‘टीव्हीएन’ या वाहिनीवर २१ मार्च ते १७ मे २०१८ या काळात, आठवड्याला दोन भाग, अशी ही मालिका दाखवली गेली. दिग्दर्शक किम वॉन-सोक, लेखिका पार्क हे-यंग. ली सन-क्युन यांनी इंजिनिअर पार्क दोंग-हूनची भूमिका केली, आणि गायिका म्हणून कोरियाभर लाडकी असलेल्या आययूनं ली जी-आन या मुलीची. सुरुवातीला प्रेक्षक बेताचेच होते, ते भागागणिक वाढत गेले, आणि २०१९ च्या बेकसांग या कोरियातल्या मानाच्या पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट मालिका आणि सर्वोत्कृष्ट पटकथा हे दोन्ही मान हिला मिळाले.

कथा थोडक्यात अशी. दोंग-हून सोलमधल्या एका अभियांत्रिकी कंपनीत आहे. कॉलेजात त्याला ज्युनिअर असलेला दो जुन-यंग आता कंपनीचा प्रमुख आहे. कोरियात वयाचा आणि कॉलेजातल्या वर्षांचा मान आयुष्यभर पाळतात, बोलताना क्रियापदाचं रूपसुद्धा त्यावर ठरतं. अशा समाजात ज्युनिअरपुढे रोज मान खाली घालायची हाच एक अपमान. त्यात दोंग-हूनच्या वकील बायकोचे, युन-हीचे, याच जुन-यंगशी संबंध आहेत, आणि दोंग-हूनला ते बराच काळ माहीत नाही. जी-आन त्याच मजल्यावर टपाल आणि पावत्यांचं काम करते, रात्री हॉटेलात भांडी घासते, ताटांत उरलेलं अन्न पिशवीत भरून घरी नेते. ऑफिसातल्या इन्स्टंट कॉफीच्या पुड्या उचलायच्या आणि रात्री त्याच गरम पाण्यात ढवळून प्यायच्या, हे तिचं जेवण.

एके दिवशी लाचेचं एक पाकीट, पाच कोटी वॉनच्या गिफ्ट व्हाउचर्सचं, नावातल्या साधर्म्यामुळे चुकून दोंग-हूनच्या टेबलावर येतं. तेव्हाच्या दरानं साधारण तीस लाख रुपये. जी-आन ते चोरते. पुढे ती पैशांच्या बदल्यात दोंग-हूनला नोकरीवरून घालवायची सुपारी खुद्द जुन-यंगकडून घेते आणि त्यासाठी दोंग-हूनच्या फोनमध्ये त्याचं सगळं बोलणं ऐकू येईल अशी सोय करून ठेवते. इथून खरी मालिका सुरू होते.

वारशात आलेलं कर्ज

जी-आनच्या मागे क्वांग-इल नावाचा तरुण सावकार लागलेला आहे. कर्ज तिनं काढलेलं नाही, ते आईच्या मागे राहिलेलं आहे. मराठी प्रेक्षकाच्या मनात इथं पहिला प्रश्न येतो की मग ती का फेडते?

कोरियाच्या नागरी कायद्यात वारसा म्हणजे मालमत्ता आणि देणी, दोन्ही एकत्र. माणूस गेला की वारसाला तीन महिन्यांची मुदत असते. तेवढ्या काळात कुटुंब न्यायालयात जाऊन त्यानं वारसा पूर्ण नाकारायचा, किंवा ‘मिळालेल्या मालमत्तेपुरतीच देणी फेडीन’ असं सांगून मर्यादित स्वीकारायचा. यातलं काहीच केलं नाही तर त्यानं सगळं स्वीकारलं असं कायदा धरतो. मग वारशात एक वॉनही आलेला नसला तरी कर्ज स्वतःच्या कमाईतून फेडावं लागतं. ज्याच्या घरात कायदा जाणणारं माणूस आहे, त्याच्यासाठी ही एका अर्जाची गोष्ट. ज्या घरात फक्त एक लहान मूल आणि एक ऐकू-बोलू न येणारी आजी उरली आहे, तिथं तीन महिने कधी येतात आणि कधी जातात कुणाला कळणार?

आपल्याकडची रचना वेगळी आहे. भारतात वारसाची जबाबदारी त्याला मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते. वडिलांचं कर्ज फेडणं हे मुलाचं धार्मिक कर्तव्य मानणारा जुना हिंदू कायद्यातला नियमही २००५ च्या हिंदू वारसा दुरुस्ती कायद्यानं नव्या कर्जांसाठी संपवला. सावकाराला कोर्टात त्या कर्तव्याचं बोट धरून आता मुलाच्या मागे लागता येत नाही. प्रत्यक्षात गावागावांत बापाच्या कर्जापायी मुलाच्या दारात माणसं येऊन बसतात हे आपण जाणतो. म्हणून तर जी-आनची गोष्ट आपल्याला परकी वाटत नाही.

कोरियात लहान मुलांची ही कोंडी पुढे कायद्याच्याही लक्षात आली. डिसेंबर २०२२ मध्ये तिथला नागरी कायदा बदलला. आता अल्पवयात कर्जाचा वारसा आलेल्या मुलाला सज्ञान झाल्यावर, देणी जास्त असल्याचं कळल्यापासून तीन महिन्यांत, जबाबदारी मर्यादित करून घेता येते. जी-आन टीव्हीवर आली तेव्हा ही दुरुस्ती साडेचार वर्षं लांब होती.

अर्थात क्वांग-इल कोर्टात जाणाऱ्यांपैकी नाहीच. फेब्रुवारी २०१८ मध्ये, म्हणजे मालिका सुरू व्हायच्या महिनाभर आधी, कोरियानं व्याजाची कायदेशीर मर्यादा वर्षाला २४ टक्क्यांवर आणली होती, पुढे २०२१ मध्ये ती २० टक्के झाली. त्या मर्यादेच्या बाहेर एक काळा बाजार चालतो आणि तिथं वसुली हातापायांनी होते. क्वांग-इलला पैसेही मुळात नकोच आहेत. त्याचा बाप असाच एकदा वसुलीला आला होता, आजीला मारू लागला होता, आणि शाळकरी जी-आनच्या हातून त्याचा जीव गेला. न्यायालयानं स्वसंरक्षण मानून तिला निर्दोष सोडलं. क्वांग-इलनं सोडलं नाही. तिचं कर्ज कधीच फिटू नये अशीच व्यवस्था त्यानं करून ठेवली आहे. जांग की-योंग या नटानं हा माणूस इतका नीट उभा केला आहे की त्याची भीती वाटते आणि त्याचं वाईटही वाटतं. लहानपणी हाच मुलगा जी-आनवर माया करत होता, हे मालिका फार उशिरा आणि फार हळूच सांगते.

आजी, पत्ता आणि अर्ज

आता सुरुवातीच्या त्या संवादाकडे येऊ. जी-आन आजीला वृद्धाश्रमातून रात्री पळवून आणते, कारण बिल थकलेलं असतं. मग अंथरुणाला खिळलेल्या आजीला चंद्र पाहायची इच्छा होते, तेव्हा ती तिला सुपरमार्केटच्या ढकलगाडीत बसवून बाहेर काढते. दोंग-हून हे पाहतो आणि गुपचूप हात लावतो. दृश्य सुंदर आहेच. पण ढकलगाडीची वेळ आली का, हे कळलं की ते निव्वळ सुंदर राहत नाही.

दक्षिण कोरिया श्रीमंत देश आहे, तरी तिथल्या वृद्धांपैकी सुमारे ४० टक्के लोक सापेक्ष दारिद्र्यात, म्हणजे देशातल्या मधल्या उत्पन्नाच्या निम्म्याहून कमी पैशांत, जगतात, विकसित देशांच्या ‘ओईसीडी’ गटात हे प्रमाण सर्वांत वरचं आहे. गरिबांना किमान आधार देणारा कायदा तिथं ऑक्टोबर २००० पासून लागू झाला. पण त्यात एक मेख होती. अर्जदाराला सांभाळायला बांधील असा नातेवाईक असेल आणि त्याची कमाई असेल, तर सरकार मदत नाकारू शकत असे. हे बांधील नातेवाईक म्हणजे आई-वडील, मुलं आणि त्यांचे जोडीदार. नातवंडं त्यात येत नाहीत. मात्र नात आणि आजी एकाच पत्त्यावर राहत असतील तर त्यांचं घर एक धरलं जातं आणि नातीची कमाई आजीच्या नावावर मोजली जाते. दिवसा टपाल वाटून आणि रात्री भांडी घासून जी-आन जे चार पैसे मिळवते, त्या पैशांमुळेच आजी कागदावर पुरेशी गरीब ठरत नाही.

जुलै २००८ पासून तिथं वृद्धांसाठी दीर्घकालीन सेवा विमा सुरू आहे. सामान्य माणसाला आश्रमाच्या खर्चाचा साधारण २० टक्के वाटा स्वतः भरावा लागतो, अगदी गरिबांना तो माफ असतो. म्हणजे पत्ता वेगळा केला की आजी गरिबांच्या यादीत येते, यादीत आली की आश्रम मोफत होतो. कडी एकीत एक अडकलेली आहे आणि ती कुठून उघडायची हे कुणीतरी सांगावं लागतं.

दोंग-हून नेमकं तेच सांगतो. तो पैसे पुढे करत नाही, डोक्यावरून हात फिरवत नाही, उपदेशही करत नाही. चार वाक्यांत माहिती देतो. माझ्या मते ही मालिका ज्याला मोठं माणूस म्हणते ते हेच. ज्याला वाट माहीत आहे त्यानं ती सांगावी, आणि सांगताना समोरच्याला लहान करू नये. पुढे आजी खरोखरच चांगल्या आश्रमात जाते. दुःखी मालिकेत इतकी व्यवहारी सुटका मी क्वचितच पाहिली आहे.

नोकरी नावाची तात्पुरती गोष्ट

जी-आन कंपनीची कर्मचारी नाही, तिला एजन्सीनं पाठवलं आहे. ऑफिसात कुणी तिला जेवायला चल म्हणत नाही, यामागेही हे आहे. १९९७ च्या अखेरीस कोरियाची अर्थव्यवस्था कोसळली आणि डिसेंबरात आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून मोठं कर्ज घ्यावं लागलं. त्या कर्जासोबत कामगार कायद्यात बदल आले. १९९८ मध्ये एजन्सीमार्फत माणसं पुरवायला कायदेशीर मान्यता मिळाली, जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी. दोन वर्षांवर ठेवलं तर कंपनीला त्या माणसाला स्वतःच्या नोकरीत घ्यावं लागतं, म्हणून बहुतेकांना त्याआधीच निरोप मिळतो. आजन्म एकाच कंपनीत राहायचं हे जे आधीच्या पिढीला गृहीत होतं, ते तिथं संपलं. आपल्याकडच्या बँकांत, कारखान्यांत, महापालिकांत कंत्राटावर काम करणाऱ्यांना याहून जास्त समजावून सांगायची गरज नाही.

दोंग-हूनचे दोन भाऊ याच जमिनीवर उभे आहेत. थोरला सांग-हून नोकरी गेल्यावर धंद्यात बुडाला, धाकटा गी-हून एकेकाळचा होतकरू सिनेदिग्दर्शक. दोघंही परत आईच्या छोट्या घरात आले आहेत आणि आता मिळून इमारतींचे जिने धुण्याचं काम घेतात. संध्याकाळी सगळी गल्ली जंग-हीच्या बारमध्ये जमते. कुणी बँकेत मॅनेजर होता, कुणी मोठ्या कंपनीत होता, आता कुणीच काही नाही, आणि त्याबद्दल एकमेकांपुढे लाजायचं कारणही उरलेलं नाही. ही हुग्ये नावाची वस्ती काल्पनिक आहे. तिथलं रेल्वे फाटक मात्र खरं, सोलच्या योंगसान भागातलं. मालिकेतला बराचसा हसरा भाग या गल्लीत आहे, आणि तो नसता तर पुढचं सोसवलं नसतं.

भार आणि भिंत

दोंग-हून स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, हे लेखिकेनं उगाच ठरवलेलं नाही. इमारतीवर सतत काही ना काही जोर येत असतो. तिचं स्वतःचं वजन, आतली माणसं, वारा, भूकंप. हे बाहेरचं बल. ते सोसायला खांब, तुळया आणि पाया यांच्यात जी ताकद असते ते आतलं बल. आतलं बल नेहमी बाहेरच्यापेक्षा जास्त राहील असा हिशेब करायचा, एवढंच त्याचं काम. दोंग-हून जी-आनला सांगतो की माणसाचंही असंच आहे, आतलं बल असेल तर माणूस टिकतो. मग ती विचारते, तुझं आतलं बल काय? त्याच्याकडे उत्तर नसतं. मालिकेचा पुढचा सगळा प्रवास या न दिलेल्या उत्तराचा आहे.

या कामाला कोरियात एक जखमही जोडलेली आहे. २१ ऑक्टोबर १९९४ रोजी सकाळच्या गर्दीत सोलमधल्या हान नदीवरच्या सोंगसू पुलाचा मधला भाग कोसळला, ३२ माणसं गेली. त्यानंतर मोठ्या बांधकामांच्या सुरक्षा तपासणीसाठी खास कायदा झाला. तो होऊन सहा महिनेही झाले नव्हते तोच, २९ जून १९९५ रोजी, सांपुंग डिपार्टमेंट स्टोअर जमीनदोस्त झालं आणि ५०२ माणसं मेली. बांधताना केलेले बदल, काढून टाकलेले आधार, छतावर चढवलेलं जादा वजन, आणि तडे दिसत असूनही चालू ठेवलेली दुकानं. पंचेचाळिशीतल्या कोरियन इंजिनिअरनं हे सगळं विद्यार्थीदशेत पाहिलेलं असणार. दोंग-हूनला डिझाइन विभागातून काढून सुरक्षा तपासणीत टाकलं आहे, कंपनीच्या लेखी ती खालची जागा. भिंती ठोकून तपासणाऱ्या त्याच्या हातोडीचा आवाज ऐकताना मला हे आठवत राहतं.

तीच हातोडी एकदा घरच्या कामी येते. जिना धुताना झालेल्या क्षुल्लक कारणावरून एका इमारतीचा मालक सांग-हूनला गुडघ्यावर बसायला लावतो, आणि मुलांसाठी डबा घेऊन आलेली आई ते पाहते. दोंग-हूनला कळतं तेव्हा तो त्या मालकाच्या इमारतीत जातो आणि भिंतीवर हातोडी मारून दाखवतो की बांधकामात कुठं कुठं चोरी आहे. त्याचं म्हणणं एवढंच की माणूस बाहेर हजारदा वाकेल, घरच्यांना कळलं नाही तर ते सोसता येतं, घरच्यांच्या डोळ्यांसमोर ते होता कामा नये. मालक फळांची टोपली घेऊन आईची माफी मागायला येतो. अभिनय म्हणून ली सन-क्युन यांचं हे काम मला फार मोठं वाटतं. पूर्ण प्रसंगात राग आहे आणि तो बहुतेक वेळ त्यांच्या खालच्या पट्टीतल्या आवाजातच राहतो.

जी-आनला नोकरीवर घेताना दोंग-हूननं तिच्या अर्जात एकच गोष्ट पाहिलेली असते. विशेष कौशल्याच्या रकान्यात इतर उमेदवार भाषा, संगणक, प्रमाणपत्रं लिहितात, तिनं लिहिलं होतं ‘धावणं’. त्याला ती या सगळ्यांपेक्षा बळकट वाटली.

ऐकणं

चोरून ऐकणं हा गुन्हा आहे आणि मालिका त्याला गुन्हाच म्हणते. पण त्यातून एक अनोखी गोष्ट घडते. जी-आन रात्रंदिवस कानात इअरफोन घालून या माणसाचं चालणं, दम लागणं, दारू पिऊन एकटं बडबडणं, आईशी खोटं हसणं ऐकते. त्याला फसवण्यासाठी पुरावा शोधता शोधता तिला कळतं की हा माणूस कुणी पाहत नसतानाही तसाच आहे. तिच्या आयुष्यात असं माणूस पहिलंच. मग दोंग-हून क्वांग-इलला जाब विचारायला जातो, दोघांची मारामारी होते, आणि तेव्हा त्याला कळतं की जी-आननं एक खून केला आहे. एरवी चांगली वागणारी माणसं इथं मागे सरतात, तिचा तसा अनुभवच आहे. तो ओरडतो की माझ्या घरच्यांना कुणी असं मारलं असतं तर मीही तेच केलं असतं. ती हे फोनवर ऐकते आणि रस्त्यावर बसून रडते. आययूचा चेहरा तोवर जवळजवळ दगडासारखा ठेवलेला असतो, म्हणून ते रडणं अंगावर येतं.

पुढे हाच भूतकाळ कंपनीच्या चौकशीत काढला जातो. दोंग-हूनचा मुद्दा कायद्याचा आहे आणि सरळ आहे. न्यायालयानं तिला निर्दोष ठरवलं, तिची नोंद उघड होऊ नये याची कायद्यानं काळजी घेतली, मग ते संरक्षण फोडून तुम्ही इथं तिचा दुसऱ्यांदा निवाडा का करता? आज हे दृश्य बघवत नाही. ली सन-क्युन यांच्यामागे २०२३ च्या शेवटी अमली पदार्थांबाबत पोलीस चौकशी लागली होती, त्यांचं खासगी आयुष्य रोज बातम्यांत उघडं पडत होतं, आणि २७ डिसेंबर २०२३ रोजी, ४८ व्या वर्षी, ते गेले. जानेवारीत दिग्दर्शक बोंग जून-हो आणि इतर कलावंतांनी पुढे येऊन पोलीस आणि माध्यमांच्या वागण्याची चौकशी मागितली. दुसऱ्याचा भूतकाळ उकरू नका हे पडद्यावर ज्यानं इतक्या कळकळीनं सांगितलं, त्याच्याच वाट्याला हे यावं याचं दुःख मला अजून होतं.

मालिकेवर टीका झाली तीही सांगायला हवी. प्रक्षेपणाआधीच पंचेचाळीस वर्षांचा पुरुष आणि एकवीस वर्षांची मुलगी या जोडीबद्दल नाराजी होती, आणि पहिल्या भागातल्या मारहाणीवर जोरदार आक्षेप आले. मारहाणीबद्दलची टीका मला पटते, इतकं लांबवायची गरज नव्हती. वयाबद्दलची शंका मात्र मालिका पुरी पाहिल्यावर उरत नाही. तिथं ओढ आहे, ती लपवलेली नाही, पण दोंग-हून तिचा फायदा कधीच घेत नाही आणि लेखिकाही घेत नाही. मला खरी उणीव वाटते ती युन-हीच्या पात्रात. रोज संध्याकाळी भावांकडे आणि गल्लीकडे ओढला जाणारा नवरा असलेल्या बाईचं एकटेपण दोन-तीन दृश्यांत चमकून जातं, त्याला आणखी जागा हवी होती.

पुष्पचक्रं

शेवटाकडे जाण्याआधी कोरियन अंत्यविधीबद्दल थोडं समजून घ्यावं लागतं. तिथं विधी सहसा तीन दिवस चालतो, आणि बहुतेकदा रुग्णालयालाच जोडलेल्या अंत्यविधी सभागृहात. लोक येतात, तसबिरीपुढे वाकतात, पाकिटात पैसे देतात, मग बसून तिखट रस्सा आणि भात खातात, रात्रभर थांबतात. दाराशी उंच पुष्पचक्रांची रांग असते आणि प्रत्येकावर पाठवणाऱ्या संस्थेच्या नावाची फीत. किती पुष्पचक्रं आली, कुठल्या कंपनीची आली, किती माणसं जेवली, यावर गेलेल्याची आणि त्याच्या मुलांची समाजातली जागा दिसते. बेकार मुलांच्या आईला पुष्पचक्रं कोण पाठवणार? म्हणून मालिकेत अगदी आधीपासून भाऊ दोंग-हूनला बजावत असतात की निदान आई आहे तोवर ही नोकरी सोडू नकोस.

जी-आनला तर कुणीच नाही. दोंग-हून तिला कधीतरी सांगून ठेवतो की आजी गेली तर मला फोन कर, नक्की कर. आजी जाते तेव्हा ती फोन करते. त्यानंतर जे घडतं ते दोंग-हूनच्या एकट्याचं काम नाही. सांग-हूनकडे लपवून ठेवलेली थोडी रक्कम असते. आयुष्यात आठवावं असं आपण काहीच केलं नाही, ही त्याची सल असते, आणि एकदा तरी काही दणक्यात करायचं म्हणून ते पैसे साठवलेले असतात. तो ते सगळे या अनोळखी म्हातारीच्या विधीवर खर्च करतो. दाराशी पुष्पचक्रं लागतात. गल्लीतले फुटबॉल खेळणारे सगळे काळे कोट घालून येतात, जेवतात, थांबतात, बाहेर मोकळ्या जागेत चेंडूही खेळतात. जी-आन पाहत राहते. ज्या देशात माणसाची किंमत या रांगेवरून ठरते, तिथं नाव नसलेल्या एका आजीला ही रांग मिळते.

त्याआधी आजीनं हातांच्या खुणांनी जी-आनला सांगितलेलं असतं की भेटलेली ही माणसं मोलाची आहेत, आणि तू सुखानं जगलीस की त्यांचं देणं फिटलं. लहानपणापासून फक्त कर्जच फेडत आलेल्या मुलीला पहिल्यांदा असं देणं मिळतं ज्याची वसुली होत नाही. क्वांग-इलही अखेर तिच्याविरुद्ध वापरता आले असते असे सगळे पुरावे स्वतःहून हातचे सोडून देतो. जी-आनला बुसानमध्ये नवी नोकरी मिळते, पुढे ती सोलला परतते. दोंग-हून स्वतःची कंपनी काढतो. एका कॉफीच्या दुकानात दोघं अचानक भेटतात, हात मिळवतात, कधीतरी एकत्र जेवायचं ठरवतात.

मालिका सुरू करणाऱ्याला एवढंच सांगेन की ती मुळात दाखवली गेली तशी पाहा, एका वेळी दोन भाग, मध्ये काही दिवस जाऊ द्यात. पहिले चार भाग काळोखे आहेत आणि त्यात पाहणाऱ्याला फारसं काही हाती लागत नाही. हातोडीचा प्रसंग आणि ढकलगाडीचा प्रसंग होईपर्यंत थांबा. तिथवर पोचूनही नको वाटली तर खुशाल सोडा, काही मालिका काही दिवसांसाठी नसतातच. आणि घरात वृद्धाश्रमाचं बिल, थकलेलं कर्ज किंवा नुकताच झालेला मृत्यू असेल, तर ती एकट्यानं न पाहता कुणाला तरी सोबत बसवून पाहा.